अ‍ॅलर्जीची गोळी सुरू केली आणि कुत्र्याला त्रास सुरू झाला: आधी घड्याळ बघा, मग गोळी

खाज थांबली, पण दुसऱ्याच दिवशी पिवळं पाणी ओकलं. खाज थांबली, पण आता रात्री घरात शू होते. दोन आठवडे सगळं झकास होतं आणि मग खाज पहिल्यापेक्षा जास्त झाली. पावसाळा लागला की कुत्रा पाळणाऱ्यांच्या गप्पांत हे तीन प्रश्न हटकून येतात, आणि सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो: "ती गोळी वाईट आहे, बंद करा." हा सल्ला बरेचदा चुकीचा असतो आणि एका औषधाच्या बाबतीत तर धोक्याचा.

औषधाचा त्रास ओळखायला सगळ्यात जास्त मदत वेळेची होते. प्रत्येक औषधाच्या त्रासाची यायची वेळ साधारण ठरलेली असते. काही त्रास तासाभरात येतात, काही दोन दिवसांनी, काही थेट दोन-तीन महिन्यांनी. गोळी किती वाजता दिली आणि त्रास किती वाजता झाला, या दोन गोष्टी सांगता आल्या तर डॉक्टरांचं अर्धं काम फोनवरच होतं.

पिशवीत नेमकं काय आलंय

"खाजेची गोळी" हे औषधाचं नाव नव्हे. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचा. आपल्याकडे कुत्र्यांच्या अ‍ॅलर्जीवर मुख्यतः चार प्रकारची औषधं देतात आणि चारही वेगवेगळ्या तऱ्हेने त्रास देतात.

पहिलं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. ते बहुतेकदा माणसांच्याच मेडिकलमधून आणलं जातं; वायसोलोन हे त्यातलं ओळखीचं नाव. दुसरं ऑक्लासिटिनिब, ज्याला सगळे अपोक्वेलच म्हणतात. अमेरिकेत त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ते स्टेरॉइड नाही. खाजेचा निरोप पोचवणारी पेशींतली यंत्रणा ते अडवतं. तिसरा गट अँटिहिस्टामिनचा: सेट्रिझिन, हायड्रॉक्सिझिन, क्लोरफेनिरामिन. चौथं सायक्लोस्पोरिन, जे महाग असल्यामुळे आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागत असल्यामुळे कमी घरांत दिसतं.

"डॉक्टरांनी खाजेचं इंजेक्शन दिलं" एवढंच माहीत असेल तर दवाखान्यात फोन करून नाव विचारून घ्या. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असेल तर एक-दोन दिवसांचा मामला. ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं दीर्घ मुदतीचं इंजेक्शन असेल तर त्याचा अंमल कित्येक आठवडे राहतो, आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. घरी एकही गोळी चालू नाही आणि तरी कुत्रा बादलीभर पाणी पितोय, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा या इंजेक्शनात सापडतं.

आता खरी गोम. दवाखान्यातून येणाऱ्या पिशवीत एकच औषध क्वचित असतं. खाजवून खाजवून कातडीत जंतुसंसर्ग झालेला असतो, म्हणून सेफॅलेक्सिन किंवा सेफपोडॉक्सिम हे अँटिबायोटिक. कातडीसाठी ओमेगा-३चं तेल. क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक शाम्पू. गोचिडी-पिसवांसाठी चघळायची गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब. हे सगळं एकाच संध्याकाळी सुरू होतं आणि उलटी झाली की बदनाम होते ती खाजेची गोळी. सेफॅलेक्सिनने रिकाम्या पोटी उलटी होणं अगदी नेहमीचं आहे. माशाच्या तेलाने शी पातळ होते. गोचिडींच्या चघळायच्या गोळ्यांपैकी फ्लुरालेनर, अफोक्सोलेनर, सॅरोलेनर या जातीच्या गोळ्यांनीही उलटी होऊ शकते, आणि काही कुत्र्यांना त्यांनी झटके किंवा थरथर येऊ शकते असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. कुत्र्याला आधी कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं.

म्हणून पिशवी हातात घेतानाच विचारा: "डॉक्टर, यातलं काय आज रात्रीच सुरू करायचं आणि काय चार-आठ दिवस थांबू शकतं?" तेल आठवडाभर थांबलं तर काही बिघडत नाही. अँटिबायोटिक सहसा थांबत नाही. गोचिडीच्या गोळीचं आधीच्या डोसच्या तारखेवर अवलंबून. औषधं अशी दोन-तीन दिवसांच्या अंतराने सुरू झाली की पुढचा तपास निम्म्याने सोपा होतो.

आणखी एक तपासणी लगेच करून टाका: गोळी किती ताकदीची आहे. प्रेडनिसोलोन ५, १०, २० मिलिग्रॅममध्ये येतं आणि स्ट्रिपा दिसायला सारख्याच. मेडिकलवाल्याकडे १० संपली म्हणून त्याने २० दिली आणि घरी "एक गोळी सकाळी" तशीच चालू राहिली, असं सहज होतं. ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या ३.६, ५.४ आणि १६ मिलिग्रॅमच्या असतात आणि डोस किलोमागे ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम असतो. दहा किलोच्या कुत्र्याला ५.४ची एक गोळी ठीक आहे, १६ची एक गोळी तिप्पट होईल. वजनही आजचं हवं. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. मोठ्या लॅब्राला उचलणं जमत नसेल तर दवाखान्याच्या काट्यावर नुसतं वजन करायला जा, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आधी हे बघा, बाकीचं नंतर वाचा

तोंड किंवा डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरतोय, हिरड्या पांढऱ्या पडल्या, फिट आली, उभं राहता येत नाही, उलटीत रक्त आहे, शी डांबरासारखी काळी आणि चिकट आहे, पोट टम्म फुगलंय आणि उलटी येतेय पण बाहेर काही पडत नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही: यातलं एकही असेल तर फोन, मेसेज, गुगल सगळं सोडून गाडी काढा. निघताना स्ट्रिपा आणि बाटल्या सोबत घ्या. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे आधीच माहीत करून ठेवलेलं बरं.

उलटी आणि जुलाब

गोळी दिल्यावर अर्ध्या-एक तासात उलटी आणि उलटीत गोळी दिसतेय, तर पोटाने ती गोळी नाकारली इतकाच अर्थ. लगेच दुसरी गोळी कोंबू नका. किती विरघळली हे कळत नाही, त्यामुळे पुन्हा द्यायची का हे डॉक्टरांनाच विचारा. पुढच्या वेळेपासून जेवणाबरोबर द्या: आधी दोन-चार घास, मग गोळी, मग उरलेलं ताट. प्रेडनिसोलोन तसंही रिकाम्या पोटी देऊच नये. ऑक्लासिटिनिब जेवणाबरोबर किंवा जेवणाशिवाय कसंही चालतं, पण पोट नाजूक असेल तर जेवणाबरोबर बरं.

सायक्लोस्पोरिनचं थोडं वेगळं आहे. उलटी आणि जुलाब हाच त्याचा सगळ्यात नेहमीचा त्रास आणि तो पहिल्या एक-दोन आठवड्यांत जास्त असतो. ते रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, पण सुरुवातीला उलटी होत असेल तर डॉक्टर ते थोड्या खाण्याबरोबर द्यायला सांगतात. कॅप्सूल फ्रीझरमध्ये गोठवून दिली तर बऱ्याच कुत्र्यांची उलटी थांबते. त्वचारोगाचे पशुवैद्य हा उपाय नेहमी सुचवतात. कॅप्सूल फोडायची मात्र नाही.

पहाटे पिवळं, फेसाळ ओकणं हा वेगळा प्रकार. पोट रात्रभर रिकामं राहिलं की काही कुत्री पित्त ओकतात, गोळी असो वा नसो. झोपायच्या आधी चपातीचा तुकडा किंवा मूठभर त्याचंच खाणं देऊन बघा. तेवढ्याने थांबलं तर औषधाला दोष देऊ नका. ऑक्लासिटिनिबच्या मान्यतेआधीच्या चाचणीत उलटी झालेल्या कुत्र्यांचं प्रमाण शंभरात दोन ते चार होतं, आणि ज्यांना बिनऔषधाची गोळी दिली होती त्यांच्यातही जवळजवळ तेवढंच होतं. कुत्री उलट्या करतात. आपण त्या मोजायला लागतो गोळी सुरू झाल्यावर.

आता ताटाकडे वळू. गोळी गिळावी म्हणून तुम्ही ती कशात गुंडाळताय? आमच्याकडच्या लॅब्राची जीभ इतकी पटाईत आहे की चीजचा तुकडा पोटात जातो आणि गोळी स्वच्छ धुतल्यासारखी सोफ्याच्या फटीत सापडते. मग घरचे चीज वाढवतात, मग लोणी, मग मटणाची चरबी. दोन दिवसांनी शी पातळ होते आणि दोष औषधाला. जास्त चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ते दुखणं साध्या उलटीपेक्षा कितीतरी वाईट. केळ्याचा काप, उकडलेला बटाटा, भाताचा घट्ट गोळा यांत गोळी सहसा जाते. युक्ती अशी की आधी एक गोळा नुसता, दुसऱ्यात औषध आणि तिसरा हातात धरून समोर दाखवायचा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता जातो. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते बघा. ते कुत्र्यांना विष आहे: रक्तातली साखर झपाट्याने उतरते, जास्त गेलं तर यकृत जातं. आणि अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी डॉक्टरांनी ठरावीकच आहार सुरू केला असेल तर गोळी चिकनच्या तुकड्यातून देणं म्हणजे सहा-आठ आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी.

एखाद-दुसरी उलटी झाली, कुत्रा इकडेतिकडे फिरतोय, शेपूट हलतेय, पाणी ठरतंय, तर मोठ्या निरोगी कुत्र्याला एक वेळचं जेवण चुकवून मग मऊ भात आणि उकडलेलं चिकन थोडं थोडं द्यायला हरकत नाही. पिल्लू असेल किंवा मधुमेह असेल तर उपाशी ठेवायचं नाही. घरातली जुलाबाची गोळी, म्हणजे लोपेरामाइड, देऊ नका. कोली, शेल्टी अशा काही जातींत एक आनुवंशिक दोष असतो, त्यामुळे ते थेट मेंदूपर्यंत पोचतं. एका दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त उलट्या, किंवा दोन दिवस जुलाब, की डॉक्टरांना कळवा.

पाणी, शू, भूक आणि धापा

हे चार एकत्र दिसले की बहुतेक वेळा ते प्रेडनिसोलोनच असतं. सुरू केल्यावर एक-दोन दिवसांत दिसायला लागतं, डोस उतरला की काही दिवसांत ओसरतं. स्टेरॉइडमुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणाऱ्या संप्रेरकाचं काम बिघडतं, पाणी निसटतं, म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान. क्रम लक्षात घ्या. घरातली मोठी माणसं म्हणतात, "रात्री भांडं उचलून ठेव, म्हणजे शू करणार नाही." तसं करू नका. पाणी बाहेर जातच राहणार आणि कुत्रा कोरडा पडेल. त्यापेक्षा रात्री झोपायच्या आधी एक जास्तीची फेरी मारा, आणि सकाळचा डोस सकाळीच द्या म्हणजे तहानेचा जोर दिवसा राहील.

किती पाणी म्हणजे जास्त? बाटलीने मोजा. लिटरच्या बाटलीने भांडं भरा, चोवीस तासांत किती बाटल्या गेल्या ते लिहा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर गेलं की ते वैद्यकीय भाषेतही जास्तच. ३० किलोच्या कुत्र्याला म्हणजे तीन लिटर. औषध चालू असताना हा आकडा डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करता येतो का बघतील. औषध संपून दोन-तीन आठवडे झाले तरी तहान तशीच असेल तर लघवी आणि रक्तातली साखर तपासायला हवी. स्टेरॉइडवर असताना मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग गुपचूप होतो, जळजळसुद्धा जाणवत नाही, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही.

भूक अशी लागते की ओट्यावरची कणीक, कचऱ्याचा डबा, शेजाऱ्यांच्या मांजराचं ताट, सगळं धोक्यात येतं. खाणं वाढवू नका. त्याच खाण्यात उकडलेली काकडी, दुधी, गाजर मिसळा. घरात लहान मूल असेल तर या दिवसांत कुत्रा जेवताना त्याला जवळ जाऊ देऊ नका. एरवी गरीब असलेलं कुत्रंही भुकेने ताटावर गुरगुरतं. ही गोष्ट चिठ्ठीवर कोणी लिहून देत नाही, पण ती लिहायला हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रेडनिसोलोन मनाने बंद करायचं नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीरातल्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबली तर शरीराकडे काहीच उरत नाही. मग कुत्रा मलूल होतो, खात नाही, उलट्या करतो, कोसळूही शकतो. आणि गंमत अशी की हे बघून घरचे म्हणतात, "बघा, औषधाने किती त्रास झाला, बरं झालं बंद केलं." तो त्रास बंद केल्याचा असतो. म्हणून चिठ्ठीवर "एक रोज, मग अर्धी रोज, मग अर्धी दिवसाआड" असं उतरत्या क्रमाने लिहिलेलं असतं. ते कॅलेंडरवर लिहून काढा, कारण तिसऱ्या आठवड्यात घरात कोणालाच नीट आठवत नाही. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरतच नसेल तर तो "बंद केल्या"सारखाच प्रकार. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि प्रेडनिसोलोन चालू असताना लंगडतोय म्हणून घरात पडलेलं मेलॉक्सिकॅम देऊ नका. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र गेले की जठरात व्रण होतात, रक्त जातं. ती काळी शी याचीच. दोन औषधांमध्ये काही दिवसांचं अंतर ठेवावं लागतं आणि ते डॉक्टर ठरवतात. माणसांचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर कुत्र्याच्या जवळही नेऊ नका.

रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताच्या तपासणीतला एक आकडा) वाढलेलं दिसलं तर घाबरून यकृताची औषधं सुरू करू नका. स्टेरॉइडवरच्या कुत्र्यांत ते वाढतंच. अहवालाबरोबर "प्रेडनिसोलोन चालू आहे" हे सांगायला मात्र विसरू नका.

दिवसभर झोपून आहे

अँटिहिस्टामिनवर पहिले काही दिवस पेंग येते. हायड्रॉक्सिझिन आणि क्लोरफेनिरामिनने जास्त, सेट्रिझिनने कमी. हाक मारली की उठतो, जेवतो, फिरायला येतो आणि परत झोपतो, तर काळजी नको. कधी उलटंही होतं: कुत्रा बेचैन होऊन रात्रभर घरभर फिरतो. दोन्ही सांगा.

पण ती गोळी मेडिकलमधून "सर्दीची आहे, तीच अ‍ॅलर्जीची" म्हणून आणली असेल तर स्ट्रिप आत्ता बघा. आपल्याकडच्या सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत सेट्रिझिन किंवा क्लोरफेनिरामिनबरोबर पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, कधी कॅफीन असतं; काहींत स्यूडोएफेड्रिन. स्यूडोएफेड्रिनने छाती धडधडते, बुबुळं मोठी होतात, अंग तापतं, झटके येतात. पॅरासिटामॉलचा डोस वाढला तर यकृत धोक्यात. अशी गोळी गेली असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. लहान मुलांच्या सिरपमध्येही तसंच: "शुगर फ्री" लिहिलेलं असेल तर झायलिटॉल आहे का बघा. सॉर्बिटॉल असेल तर जीव जात नाही, पण जुलाब होतील.

मलूलपणाचा दुसरा आरोपी आपल्या हवेत कायम हजर असतो: गोचीडताप. ज्या कुत्र्याला खाज आहे त्याच्या अंगावर बरेचदा गोचिडी असतात किंवा नुकत्या काढलेल्या असतात. ताप, न खाणं, नाकातून रक्त, पोटाच्या पातळ कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, फिकट हिरड्या हे कुठल्याही अ‍ॅलर्जीच्या गोळीचं काम नाही. स्टेरॉइडने ताप काही काळ दबतोही, त्यामुळे अंगाला हात लावून गरम लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. ओठ उचलून हिरड्यांचा रंग रोज बघायची सवय लावा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. शंका वाटली तर रक्त तपासून प्लेटलेट बघायला सांगा.

गोचिडी-खरजेवरच्या अमिट्राझच्या औषधी आंघोळीनंतरही कुत्रं गुंगतं. त्या दिवशी आंघोळ आणि गोळी दोन्ही असतील तर आधी आंघोळीवर संशय घ्या. खाजेवर टी ट्री ऑइल लावलं असेल तर ते धुऊन काढा आणि डॉक्टरांना सांगा. चाटून पोटात गेलं की तोल जातो, थरथर होते.

दोन आठवड्यांनी खाज परत

हा अपोक्वेलचा खास प्रश्न. पहिले जास्तीत जास्त १४ दिवस गोळी दिवसातून दोनदा, मग एकदा. औषधाचा अंमल कुत्र्याच्या रक्तात काही तासांतच उतरायला लागतो, त्यामुळे एका डोसवर आलं की चोवीस तासांतले शेवटचे काही तास कोरडे जातात. सकाळी आठला गोळी घेणारा कुत्रा पहाटे पाय चावत बसलेला दिसेल. काही कुत्र्यांचं हे आठवडाभरात बसतं. नाही बसलं तर गोळीची वेळ बदलणं, डोस वाटून देणं, जोडीला दुसरा उपाय हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. आपल्या आपण परत दोनदा सुरू करू नका. दीर्घकाळ दुप्पट डोसवर प्रतिकारशक्ती दबते, म्हणून तर ती मर्यादा घातलेली आहे.

पण "गोळी काम करेनाशी झाली" असं ठरवण्याआधी बोटांच्या बेचक्यात नाक घाला. आंबूस, जुनाट वास आणि तपकिरी चिकटपणा असेल तर तिथे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढलंय. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पाय कोरडे राहतच नाहीत, त्यामुळे हे घरोघरी. यीस्टची खाज अपोक्वेलने पुरती थांबत नाही, त्याला वेगळं औषध लागतं. शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून पिसवांची काळी विष्ठा दिसते का बघा. ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवली की ती तांबूस पसरते, कारण ते पचलेलं रक्त असतं. पिसवा असतील तर जगातली कुठलीही खाजेची गोळी पुरणार नाही.

उशिरा दिसणारे त्रास

हे दोन-तीन महिन्यांनी येतात आणि म्हणून कोणी त्यांचा संबंध गोळीशी लावत नाही. ऑक्लासिटिनिबवर कातडीवर नव्या गाठी किंवा चामखिळी, पुन्हा पुन्हा कान फुटणं, गोल टक्कल पडणं. टक्कल पडलं तर खरवडून डेमोडेक्सचे किडे तपासायला हवेत. महिन्यातून एकदा अंगभर हात फिरवा, गाठ लागली तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा म्हणजे पुढच्या महिन्यात मोठी झाली का कळेल. सायक्लोस्पोरिनवर हिरड्या जाड होऊन दातांवर चढतात. प्रेडनिसोलोनवर पोट सुटतं, पाय काटकुळे होतात, केस विरळ होतात, कातडी पातळ पडते.

बारा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ऑक्लासिटिनिब देत नाहीत. तशा वयात खूप खाज असेल तर अ‍ॅलर्जीपेक्षा खरजेची शक्यता आधी तपासायला हवी, आणि डेमोडेक्स असताना स्टेरॉइड दिलं तर ते जास्तच पसरतं. गाभण किंवा पाजणाऱ्या मादीबद्दलही डॉक्टरांना आधीच सांगा. लसीची तारीख जवळ आली असेल तर तेही.

डॉक्टरांना काय पाठवायचं

"डॉक्टर, याला बरं वाटत नाहीये" या मेसेजला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. असा पाठवा:

"नमस्कार डॉक्टर. बंड्या, लॅब्रा, ५ वर्षं, आजचं वजन ३१ किलो. मंगळवारपासून प्रेडनिसोलोन २० मिग्रॅ सकाळी ९ ला जेवून, सेफॅलेक्सिन ७५० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. ओमेगा तेल कालपासून. आज पहाटे ४ आणि ६ ला उलटी, पिवळी, रक्त नाही, गोळी दिसली नाही. पाणी ठरतंय, काल साडेतीन लिटर प्यायला. शी काल संध्याकाळी पातळ, रंग नेहमीचा. हिरड्या गुलाबी. सकाळची प्रेडनिसोलोन अजून दिलेली नाही, देऊ का?"

सोबत स्ट्रिपांचा फोटो, मागची बाजू. चालताना झोकांड्या जात असतील किंवा थरथर होत असेल तर व्हिडिओ. दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबतं आणि मग शब्दांत सांगता येत नाही.

औषध खरंच मानवत नसेल तर

तसंही होतं. वेळ जुळते, दुसरं काही सुरू केलेलं नाही, औषध थांबवल्यावर त्रास गेला, आणि डॉक्टरांच्या देखरेखीत परत दिल्यावर पुन्हा आला, म्हणजे त्या कुत्र्याला ते औषध नको. कातडीखाली मोठी सूज, श्वास अडकणं असं काही झालं असेल तर परत देऊन बघायचा प्रयोग करायचाच नाही; फाईलवर लाल अक्षरात लिहून घ्या.

पर्याय आहेत. लोकिव्हेटमॅब हे खाजेच्या एकाच निरोप्या प्रथिनाला पकडणारं इंजेक्शन साधारण महिनाभर पुरतं आणि पोट, यकृत, मूत्रपिंडावर त्याचा भार जवळजवळ नसतो. ते आपल्या गावात मिळतं का ते डॉक्टरांना विचारा. ज्याची त्याची अ‍ॅलर्जी शोधून तिची सवय लावणारी लस असते, पण तिचा गुण यायला कित्येक महिने जातात. आठवड्यातून एक-दोनदा औषधी शाम्पू, तोही दहा मिनिटं अंगावर ठेवून, हा कंटाळवाणा उपाय गोळीचा डोस खाली आणायला मदत करतो. आम्ही आंघोळ सुरू करताना फोनवर दहा मिनिटं लावतो, कारण अंदाजाने ती तीनच होतात.

नेहमीच्या डॉक्टरांना प्रकरण किचकट वाटलं तर ते स्वतःच पुढे पाठवतात. मुंबईत परळला, शिरवळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांच्या रुग्णालयांत कुत्र्यांची तपासणी होते. जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावून न्या, आणि शेवटचं स्टेरॉइड कधी दिलं ती तारीख वर ठळक लिहा. अ‍ॅलर्जीची कातडीवरची चाचणी करायची असेल तर त्याआधी स्टेरॉइड आणि अँटिहिस्टामिन ठरावीक काळ बंद असावी लागतात, आणि ती कशी उतरवायची हे वेळ ठरवतानाच विचारून घ्यावं लागतं.